पाखरांची जत्रा

जत्रा म्हटली की मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. रेवड्या-बत्ताशांची पाले, पाळण्यांची करकर, बांगड्यांचे ढीग, कुस्त्यांचा फड आणि त्या गर्दीत आईचे बोट सुटलेले एखादे पोर. परभणीकरांना फेब्रुवारीत भरणारा हजरत तुराबुल हक यांचा उरूस ठाऊक आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्राही ठाऊक आहे. तिथे घोडे, गाढवे, उंट यांचा केवढा तरी बाजार भरतो. तेव्हा जनावरांच्या जत्रा आपल्याला नव्या नाहीत. पण जगात एक जत्रा अशी आहे की ती पाखरांच्या नावाने भरते आणि तिथे एकही पाखरू विकायला नसते! पाखरे असतात ती पलीकडच्या पाण्यावर, आपल्या मर्जीने उतरलेली. माणसे जमतात ती केवळ त्यांच्याविषयी बोलण्यासाठी.

ही जत्रा इंग्लंडातल्या रटलंड या चिमुकल्या परगण्यात, रटलंड वॉटर नावाच्या धरणाच्या काठी १९८९ साली प्रथम भरली. टिम ॲपलटन आणि मार्टिन डेव्हिस हे तिचे जनक. दर ऑगस्टात तीन दिवस तिथल्या गवतावर तंबूंच्या रांगा लागत. एका तंबूत दुर्बिणी, दुसऱ्यात पुस्तके, तिसऱ्यात देशोदेशीच्या अरण्यांत घेऊन जाणारे वाटाडे. कुठे व्याख्यान चाललेले, कुठे प्रश्नांची चढाओढ, तर कुठे चित्रकार मंडळी सगळ्यांच्या देखत एका प्रचंड फलकावर पक्ष्यांचे चित्र रंगवीत असलेली. पुढे पुढे तिथे वीस हजारांवर माणसे येऊ लागली. जत्रेचे उत्पन्न दरवर्षी जगातल्या कुठल्या तरी एका पक्षिरक्षणाच्या कामाला जाई. पहिल्या वर्षीचे गेले ते माल्टा बेटावर होणारी वाटसरू पक्ष्यांची कत्तल थांबवण्याच्या मोहिमेला. २०२० साली साथीच्या रोगाने ती जत्रा मोडली, ती त्या स्वरूपात पुन्हा भरली नाही; परंतु ॲपलटन यांनी २०२२ पासून तिथून जवळच नव्या नावाने तशीच जत्रा सुरू केली.

अशा जत्रेला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाजवळ काय असावे लागते? तिकिटाचे पैसे आणि पाहण्याची हौस. ‘तुमचे शिक्षण किती?’ असे तिथे कोणी विचारीत नाही. मला या जत्रेचे मोल वाटते ते याच गोष्टीसाठी. कारण पाखरांविषयी बोलण्याचा हा मांडव आरंभापासून असा मोकळा नव्हता. त्याचे दार हळूहळू, एकेका फळीने उघडत आले आहे. ते कसे उघडले आणि अजून कोण बाहेर उभे आहे, हे पाहण्याजोगे आहे.

पक्षिशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८८४ साली व्हिएन्ना येथे भरली. ऑस्ट्रियाचा युवराज रूडॉल्फ हा स्वतः पक्ष्यांचा नादी. त्याच्या आश्रयाखाली ही परिषद झाली. जमलेली मंडळी म्हणजे नामांकित पंडित, संग्रहालयांचे अधिकारी आणि राजेरजवाड्यांच्या मेळ्यातले हौशी लोक. पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांत एकाच पद्धतीने ठेवाव्यात, हा विचार तिथे झाला. ही गोष्ट साधी नव्हे. आपल्या गावावरून उडत गेलेला पक्षी दुसऱ्याच्या गावी उतरतो, तेव्हा त्याची हकीगत एकट्या देशाला पुरी लिहिता येत नाही, हे त्या लोकांनी ओळखले. पण त्या दालनात शेतकरी, कोळी किंवा फासेवाला कुठून येणार!

गंमत अशी की, त्याच्या आदल्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी निसर्गाच्या अभ्यासासाठी एक मंडळी स्थापन केली. तीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांपैकी सहा साहेब होते, पण दोघे मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. स्त्रीहक्कांच्या इतिहासात ज्यांचे नाव अजरामर झाले, त्या डॉ. रखमाबाईंचे हे सखाराम अर्जुन सावत्र वडील. साहेबांनी काढलेल्या संस्थेच्या पायात दोन मराठी दगड आहेत, हे आपण विसरू नये.

या संस्थेच्या दारात पुढे एक मुंबईचा मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन उभा राहिला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, एवढेच त्याला विचारायचे होते. त्या मुलाचे नाव सालिम अली. जन्म १८९६ चा. १९१३ साली हा मुलगा मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कसाबसा पास झाला. माझ्यासारख्या मॅट्रिकपाशी थांबलेल्या मास्तराला ही हकीगत वर्गात सांगताना विशेष आनंद होतो, हे वाचकांनी समजून घ्यावे! पुढे त्याने प्राणिशास्त्राचे थोडे शिक्षण घेतले, १९२९ साली बर्लिनला जाऊन श्ट्रेसेमान या थोर पक्षिपंडिताजवळ काम केले, पण नावापुढे पदवी लागली नाही ती नाहीच. सरकारी प्राणिखात्यातली जागा त्याला मिळाली नाही, ती या पदवीपायीच. परत आल्यावर हातात नोकरी नाही म्हणून तो बायकोला घेऊन अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिला. घराजवळच सुगरणींची घरटी लोंबत होती. बिनकामाच्या त्या दिवसांत तो ती घरटी पाहत बसला.

त्या पाहण्यातून काय निघाले ते मोठे मौजेचे आहे. आपल्या भाषेने या पाखराला ‘सुगरण’ म्हणून स्त्रीलिंगात बसवले. पण घरटे विणतो तो नर! अर्धे घरटे झाले की माद्या येतात, पाहून जातात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे राहते आणि नर ते पुरे करून देतो. मग हा पठ्ठ्या थोड्या अंतरावर दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हजारो वर्षे आपल्या विहिरींवरच्या बाभळींत हा प्रपंच चालला होता. पण नोकरी नसलेल्या एका माणसाला तो शिस्तीने टिपून ठेवायला सवड झाली.

नंतर त्याने संस्थानांना विचारले: पगार नको, खर्च तेवढा द्या, तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. पहिल्या काही संस्थानांत होते आपले हैदराबाद. १९३१-३२ साली ही पाहणी झाली. परभणी तेव्हा त्याच निजामी राज्याचा एक जिल्हा होता. त्या काळी मराठवाड्यात शाळेत पोरांना मराठीतून शिकायची मारामार होती, रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. अशा मुलखात हा माणूस तंबू, बंदुका आणि वह्या घेऊन रानोमाळ हिंडला. त्याची पत्नी तेहमिना मुक्कामांवर बरोबर असे. त्या पाहणीचा वृत्तान्त संस्थेच्या नियतकालिकात पुढे क्रमाने छापून आला. निजामाच्या राज्याच्या नशिबी पुढे काय आले ते आपण जाणतो. १९४८ साली ते गेले, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. सरहद्दी तीनदा बदलल्या. त्या वृत्तान्तातल्या पाखरांनी मात्र एकही सरहद्द मानली नाही.

या वृत्तान्ताच्या टिपा लिहिण्यात ह्यू व्हिस्लर या इंग्रज पंडिताचा हात होता. त्या दोघांची ओळख भांडणातून झाली. व्हिस्लर पंजाबात पोलीस अधिकारी होता आणि हिंदी पक्ष्यांवरचे त्याचे पुस्तक प्रमाण मानले जाई. भृंगराज नावाचा एक काळा पक्षी आहे, आपल्या कोतवालाचा भाऊबंद. त्याच्या शेपटीत तारेसारखी दोन लांब पिसे असतात आणि टोकाला पिसांचे झुबके. त्या पिसाच्या कोणत्या बाजूला झालर असते, याविषयी व्हिस्लरने जे लिहिले ते चुकीचे आहे, पिसाच्या दांड्याला पीळ बसल्यामुळे पाहणारा फसतो, असे सालिम अलींनी कळवले. कोण हा कुठला हिंदी माणूस माझी चूक काढणार, म्हणून साहेब रागावला. त्याने संपादकांना खरमरीत पत्रे लिहिली. पण मग त्याने आपल्या संग्रहातले पक्षी पुन्हा काढून पाहिले आणि चूक कबूल केली. पुढे दोघांची जन्माची मैत्री झाली. पाखराच्या एका पिसाने साहेब आणि नेटिव यांना एका ओळीत बसवले! दाराची पहिली फळी निघाली ती अशी.

दुसरी फळी निघाल्याचे दृश्य तर सिनेमात शोभावे असे आहे. महायुद्धामुळे बारा वर्षे खंडित झालेली आंतरराष्ट्रीय परिषद १९५० साली स्वीडनमधल्या उप्साला शहरी भरली. ती दहावी. सालिम अली तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. त्यांना मोटारसायकलचे भारी वेड. आपली सनबीम गाडी त्यांनी मुंबईला ‘स्ट्रॅथेडन’ बोटीवर चढवली आणि युरोपात उतरल्यावर तिच्यावर बसून भटकंती सुरू केली. फ्रान्समध्ये किरकोळ अपघात, जर्मनीत दगडी फरसबंदीवर बऱ्याच आपट्या. परिषदेच्या ऐन आरंभाला सामानाने लादलेली गाडी घेऊन ते उप्सालाच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मंडपात बातमी पसरली की हा गृहस्थ थेट हिंदुस्थानातून मोटारसायकलवर आला! ६६ वर्षांपूर्वी युवराजाच्या आश्रयाने सुरू झालेल्या त्या सभेला हा पदवी नसलेला, धुळीने माखलेला पाहुणा आला आणि त्याच्या स्वतंत्र देशाचे नाव घेऊन बसला.

अशा जागतिक सभांचा आपल्या बांधाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. १९६० साली पक्षिरक्षणाची जागतिक परिषद टोकियोला भरली. प्रत्येक देशाने आपला एक राष्ट्रीय पक्षी निवडावा, ही कल्पना तिथे पुढे आली. आपल्याकडे विचार सुरू झाला. सालिम अलींचे मत माळढोकाला होते. माळढोक म्हणजे आपल्या दख्खनच्या माळाचा राजा. मीटरभर उंचीचा, गवतातून ऐटीत चालणारा पक्षी. राष्ट्रीय पक्षी केला तर लोकांचे लक्ष जाऊन तो वाचेल, हा त्यांचा हेतू. पण मान मिळाला मोराला, १९६३ साली. मोराविषयी तक्रार कोण करील? आमच्या जिल्ह्यात तर पहाटे त्याच्याच हाकेने जाग येते. परंतु सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य होऊनही महाराष्ट्रातला माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला आणि साऱ्या देशात आता तो दीडशेच्या आसपासच राहिला आहे. गवताचे माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या. तो निवाडा उलटा झाला असता तर चित्र बदलले असते की नाही, कोण सांगणार! पण जपानात बोललेल्या एका गोष्टीचा धागा आमच्या माळापर्यंत येतो, एवढे खरे.

तिसरी फळी मराठी माणसाने काढली. १९८१ साली लोणावळ्याला महाराष्ट्रातले पक्षिमित्र पहिल्यांदा एकत्र आले. त्यात शिक्षक होते, डॉक्टर होते, कारकून होते, कॉलेजातली पोरे होती. आणि बोलणे मराठीत! त्यातूनच दरवर्षी निरनिराळ्या गावी भरणारी महाराष्ट्र पक्षिमित्र संमेलने सुरू झाली. रटलंडची जत्रा यानंतर आठ वर्षांनी भरली, हे अभिमानाने नव्हे, पण नोंद म्हणून सांगायला हरकत नाही. २०१५ साली चंबळेच्या काठी आंतरराष्ट्रीय पक्षिमहोत्सव भरला, आपल्याकडे नाशिकजवळ नांदूर मध्यमेश्वरलाही महोत्सव होऊ लागले. १९६५ साली पायाभरणी झालेल्या जायकवाडीच्या नाथसागराला १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. त्याच धरणाचा डावा कालवा आमच्या परभणीची शेते भिजवतो. रटलंड वॉटरही माणसाने बांधलेले धरणच. माणसाने आपल्या तहानेसाठी पाणी अडवले आणि सायबेरियाच्या बदकांनी ते आपले मानले, ही दोन्हीकडची एकच कथा. येलदरीच्या पूर्णेवरील जलाशयावर हिवाळ्यात उभे राहावे म्हणजे ती पटते.

या संमेलनांना भाषा मिळाली ती मारुती चितमपल्लींची. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने गोंड, ढीवर, माधळे अशा रानच्या लोकांकडून पाखरांची नावे आणि रीती गोळा केल्या आणि मराठीला पक्षिकोश दिला. २०२५ साली ते गेले. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव संत जनाबाईंच्या अभंगातून आले आहे; दूर दिशांना जाऊन पिलांसाठी चारा आणणाऱ्या पाखराचा तो अभंग. आणि जनाबाई कुठल्या? आमच्या गंगाखेडच्या! दळण-कांडण करणाऱ्या त्या बाईने आकाशात हिंडणारी घार आणि तिचे पिलांकडे झेपावणे नीट पाहिले होते. तिला कोणी परिषदेचे आमंत्रण दिले नव्हते.

इथेच मला म्हणायचे आहे ते येते. दार बरेच उघडले, पण जनाबाईचे वारस अजून मांडवाबाहेर आहेत.

भोरडीचेच घ्या. शाळू निसवला की भोरड्यांचे थवे आमच्या शिवारावर ढगासारखे उतरतात. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला त्या कधी येतात, कोणत्या वेळी कोणत्या झाडावर बसतात, कधी जातात, हे तोंडपाठ असते. पंडिताच्या वहीत असते त्याहून ते ज्ञान कमी नाही. पण त्याला एक गोष्ट कोणी सांगितलेली नसते. ही पाखरे मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून येतात आणि तिथे ती टोळांचा फडशा पाडतात. चीनच्या शिनच्यांग प्रांतात त्यांनी टोळ खावेत म्हणून माणसे त्यांच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात! एकच पाखरू, तिथे त्याला पायघड्या आणि इथे गोफणीचा दगड. दोन्ही शेतकरी आपापल्या परीने बरोबरच आहेत. त्या दोघांची गाठ पडावी अशी जागा म्हणजे जत्रा. पण तिथे दुर्बिणवाला पोहोचतो, गोफणवाला पोहोचत नाही.

दुसरा पारधी. तितराची हुबेहूब साद घालून त्याला फाशात आणणारा हा माणूस पाखरांचे मन ओळखतो. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला; तो १९५२ साली पुसला गेला, तरी लोकांच्या नजरेतून गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण हातातले ज्ञान कुठे ठेवावे, हे त्याला कोणी सांगितले नाही. ते ज्ञान कामी आणता येते, याचा दाखला आहे. १९५७ साली म्हैसूर राज्यात क्यासनूरच्या जंगलात माकडांना मारणारा एक ताप निघाला. तो उत्तरेकडच्या पाखरांबरोबर आला की काय, अशी शंका होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम हाती घेतले. जिवंत पाखरू इजा न करता पकडायचे कोणी? तर बिहारातल्या मीरशिकारांनी, पिढ्यान्पिढ्या पाखरे धरणाऱ्यांनी! त्यांच्या जाळ्यांवाचून शास्त्राचे पान हलले नसते.

आमच्या खेड्यातल्या शाळेत मी कधी कधी मुलांना फळ्यावर पाखरांची नावे लिहायला सांगतो. पुस्तकातून येणारी नावे पाच-सहा झाली की संपतात. मग मागच्या बाकावरची, शेरडे राखून शाळेत येणारी मुले उठतात आणि होला, लाव्हा, टिटवी, पिंगळा, वेडा राघू, चास अशी रांग लागते. परीक्षेत ही मुले पुढे नसतात. पण त्या अर्ध्या तासात ती वर्गाची मास्तर होतात. ही नावे त्यांना आजीने, चुलत्याने, बांधावर दिलेली असतात. ती कोणी विचारली नाहीत तर एका पिढीत जातील, आणि नाव गेले की पाखरू गेल्याचेही कोणाच्या ध्यानात येणार नाही. माळढोकाचे तसेच होऊ घातले आहे. आज किती मुलांनी तो शब्द घरात ऐकला आहे?

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह ठरवला आहे. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सालिम अलींच्या. हा सप्ताह बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतो. फराळाची ताटे फिरून झाली, पाहुणे पांगले की एका पहाटे मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावर, धरणावर, नाहीतर आपल्याच शेताच्या बांधावर जावे. नुकतेच उतरलेले धोबी पक्षी शेपटी हलवीत पाण्याकाठी फिरत असतील. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यावे आणि वाटेत कोणी गुराखी, कोणी राखणदार, कोणी पारधी भेटला तर त्याला रामराम घालून ‘हे कोणतं पाखरू, दादा?’ असे विचारावे. तो सांगेल ते नाव मुलांना वहीत लिहायला लावावे, गावाचे नाव आणि तारीख यांसह. व्हिएन्नाच्या सभेतल्या पंडितांनी आपापल्या देशात जाऊन नेमके हेच करायचे ठरवले होते.